फळ्यांखालून ऐकू येतं

२ सप्टेंबर
वर्ना म्हणाली, "स्वतःचा धंदा काढलास, आता वही ठेव. नाहीतर काय शिकलास ते विसरशील आणि तीच चूक दोनदा करशील." बायको बरोबर बोलते तेव्हा वाद घालत नाही. म्हणून ही वही.

एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या कंपनीसाठी लोकांच्या घरांखाली सरपटलो. या डोंगराळ भागात बहुतेक घरांना तळघर नसतं. जमीन आणि लाकडी फळ्या यांच्यामध्ये अडीच-तीन फुटांची पोकळी असते. मातीची ओल तिथे साठते आणि तिथून घरात चढते. जमिनीवर आणि भिंतींवर जाड पांढरं प्लॅस्टिक चढवायचं, कडा चिकटवायच्या, ओल बाहेर ठेवायची, असं आमचं काम. आता गाडीवर माझं नाव आहे : ओडेल लेडफर्ड. अक्षरं थोडी तिरकी आली आहेत, पण माझी आहेत.

पहिलं मोठं काम मिळालं. डूली ओढ्याच्या खोऱ्यात राहणाऱ्या मिस आयसी रॅथबोन, वय एकोणऐंशी. इकडे वयस्क बाईंना आदराने 'मिस' म्हणतात; नवरा होयट जाऊन नऊ वर्षं झाली. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की घरातली ओल गेली नाही तर या घरात राहायचं नाही. मुलगी लोरेना रॅली शहरात राहते. तिने आपल्याकडची खोली रिकामी करून ठेवली आहे. चार ऑक्टोबरला ती ओल मोजायचं यंत्र घेऊन येणार. आकडा पंचावन्न टक्क्यांच्या खाली असला तर आई इथे राहील, वर असला तर सामान बांधायचं. मी आज मोजलं. चौऱ्याऐंशी.

मिस आयसींना विचारलं, "खाली काही विशेष आहे का, मला माहीत असावं असं?"

"मी बाई कुणाला त्याचं काम शिकवत नाही," त्या म्हणाल्या. "खाली होयटचं राज्य होतं. चहा घेशील?"

गोड गार चहा. दात शिवशिवले.

४ सप्टेंबर
पहिल्यांदा खाली गेलो. थंडी अडवायला फळ्यांखाली लावलेलं जुनं इन्सुलेशन लोंबत होतं, दोन मेलेले उंदीर होते, शिवाय १९७१ सालची एक बाटली. सामान ओढायला मी मुलांची बर्फावरची प्लॅस्टिकची घसरगाडी वापरतो. दोन्ही टोकांना दोरी बांधलेली. एक दोरी दारापाशी, दुसरी माझ्या पायाला. कंपनीतले हसायचे. हसणाऱ्यांचे गुडघे आता गेलेत, माझे आहेत.

भिंती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या. चिखल उडून, बुरशी चढून करड्या झालेल्या. तारेचा ब्रश मारला तर पांढरी पूड निघाली. लोणा. पाणी पाझरलं की भिंतीतलं मीठ बाहेर येतं, नेहमीचंच. झटकून टाकला.

माझे कान तीक्ष्ण आहेत. घराखाली पडलेल्या माणसाला वरचं सगळं ऐकू येतं, आणि मी इतकी वर्षं ऐकून बरंच शिकलो आहे. आज मिस आयसी बहिणीशी, ओलाशी, फोनवर बोलत होत्या. "होयटला ही जागा फार प्रिय. दर वसंतात बादली घेऊन खाली जायचा आणि भिंतींना चुन्याचा हात मारायचा. बावीस वर्षं! मी म्हणायची, अरे तिथे कोण बघायला येतंय? तर म्हणायचा, मी येतो ना."

मला हसू फुटलं.  मग आवाज आला, "ओला, माझ्या फळ्या हसल्या गं."

जुनी माणसं, जुन्या आठवणी. बरं वाटलं ऐकून.

६ सप्टेंबर
चिकटवायला काय घ्यायचं हे ठरवायला डेल्मरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. डेल्मर गल्ल्यामागच्या स्टुलावर वीस वर्षं बसलाय, पण त्याला वाटतं की डोंगरातली सगळी घरं त्यानेच बांधली.

तीन गोष्टी होत्या. फवाऱ्याचा डबा : सोपा, पण गाद्यांच्या कामाचा, ओलीत सहा महिने टिकत नाही. काळी दुहेरी चिकट पट्टी : हाताला लागली की धुऊन जात नाही, लावायला झटपट, पण भिंत कोरडी आणि स्वच्छ हवी. नळकांड्यातलं पॉलियुरेथेन, एक जाड डिंक : महाग, बंदुकीतून दाबून काढायचं, सुकायला दोन दिवस, पण थोडी ओल सोसतं.

"पट्टी दे," मी म्हणालो.

"ठोकळ्याच्या भिंतीला पट्टी?" डेल्मर म्हणाला. "तुझं नाव गाडीवरून पुसायला रॉकेलही देऊ का सोबत?"

"भिंत मी घासली आहे."

"घास, घास. माझं काय जातंय."

पट्टी घेतली. चार आठवड्यांत काम उरकायचं आहे, सुकायला दोन-दोन दिवस कुठून आणू?

१० सप्टेंबर
काल वादळाचं शेपूट आपल्यावरून गेलं. आज ओढ्याच्या वळणावर एक मोठं झाड आडवं पडलेलं, त्याखाली टेलिफोनचा खांब मोडलेला. तार रस्त्यावर लोळत होती, तिच्यावरूनच गाडी नेली. मोबाईलला त्या खोऱ्यात कधीच रेंज नसते. मिस आयसींच्या अंगणातल्या फांद्या उचलून दिल्या. त्यांनी सफरचंदाच्या आटवलेल्या गराची बरणी दिली. वर्नाने ती लपवून ठेवली आहे.

जमिनीवरचं प्लॅस्टिक पूर्ण झालं. जोड बारा इंच एकावर एक, टेप लावण्याआधी अल्कोहोलच्या फडक्याने पुसले, वरून लाटण्याने दाबले. लाटणं वर्नाचं आहे, बिस्किटं लाटायचं. नुसत्या तळव्याने दाबलेला टेप आठवड्यात उचलतो, लाटण्याने दाबलेला नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

११ सप्टेंबर
उत्तरेची भिंत झाली! वरची चार बोटं जागा उघडी सोडली. वाळवी तपासणाऱ्याला बघायला ती लागतेच. तिथून खाली पांढरं प्लॅस्टिक ताठ, इस्त्री केल्यासारखं. झोपून बघत राहिलो. डेल्मरला बोलावून दाखवावं असं वाटलं.

१३ सप्टेंबर
पडली. सगळी. प्लॅस्टिक जमिनीवर, एखाद्याने धोतर सोडावं तसं.

पट्टीचाच दोष. डेल्मरकडे गेलो, पॉलियुरेथेनची बारा नळकांडी गल्ल्यावर ठेवली. त्याने नुसतं शीळ घालत बिल केलं. हे जास्त लागलं.

मिस आयसींना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडणाऱ्या गोष्टी पडतात बाबा." चेहरा मात्र पडला होता. स्वयंपाकघरात दोन खोकी दिसली. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. अजून तीन आठवडे आहेत, आणि बाईंनी बांधाबांध सुरू केली आहे.

संध्याकाळी प्लॅस्टिक गुंडाळत होतो तेव्हा वर फोन चालला होता, अगदी माझ्या डोक्यावर. "ओला, आपण लोकांच्या घरी भिंतीवरचे कागद लावायला जायचो, आठवतं? होयट, मी आणि तू. तीस वर्षं. होयट काय म्हणायचा? कागद भिंतीला चिकटत नाही, भिंतीवर जे आधी लावलेलं आहे त्याला चिकटतो." मग थोडं थांबून : "हो गं. तेच म्हणते मी."

कष्टाळू बाई. भिंतीवरचे कागद लावणं सोपं नाही.

१७ सप्टेंबर
महाग डिंकही गेला.

बंदुकीचं तोंड तिरकं कापलं, नागमोडी रेघ ओढली, दाबून लाटणं फिरवलं, दोन दिवस थांबलो. आज कोपरा किंचित ओढला तर अख्खा पट्टा हातात आला, पिकलेल्या केळ्याची साल यावी तसा.

हे मी कुठे बोलणार नाही, म्हणून इथे लिहितो. वाटलं, गाडीवरचं नाव पुसावं. एकोणीस वर्षं मी दुसऱ्याने घासलेल्या भिंतीला दुसऱ्याने ठरवलेला डिंक लावत आलो. मला वाटलं होतं मला सगळं येतं. येत होतं ते सरपटायला.

वर्ना म्हणाली, "त्या बाईंना सांग, दुसऱ्या कुणाला बोलवा."

"दुसरा कोणी नोव्हेंबरच्या आधी येणार नाही."

"मग तूच कर."

"कसं?"

"मला काय विचारतोस? माझं लाटणं सापडत नाहीये, मी माझ्या काळजीत आहे."

१८ सप्टेंबर
आज मिस आयसींना सांगायलाच गेलो होतो की जमत नाही. त्या दारात आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आधी खाली जाऊन तुझी हत्यारं गोळा कर. मग बोलू."

खाली गेलो. घसरगाडीत सामान भरत होतो. वर खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि फोन सुरू झाला. त्यांचा आवाज आज खणखणीत होता, ओला बहिरी झाली असावी.

"ओला! कागद पडला की नवशिका माणूस काय करतो? डिंकाला शिव्या देतो! होयट काय करायचा? पडलेला कागद उलटा करायचा. पाठ बघायचा! पाठ कोरडी असेल तर डिंक वाईट. पाठीवर भिंतीचा थर आला असेल, तर डिंकाने आपलं काम केलंय. भिंतीनेच कपडे काढलेत!"

सवयीने ऐकत होतो. हातात तोच पडलेला पट्टा होता. सहज उलटा केला.

पाठ पांढरीफटक. डिंकाच्या प्रत्येक नागमोडी रेघेवर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर. डिंक सुटला नव्हता, चुना भिंतीपासून सुटला होता. होयटचा चुना! बावीस हात, एकावर एक, आणि मी त्याला लोणा समजून नुसतं झटकलं होतं. चार तारखेला माझ्याच कानांनी ऐकलं होतं, इथे लिहिलंही होतं.

डोकं फळीवर आपटलं. वरून आवाज आला, "ओला, काहीतरी पडलं वाटतं. चांगलंच झालं."

वर गेलो. त्यांनी विचारलं, "बोलायचं होतं ना तुला?"

"नाही," म्हणालो. "चहा आहे का?"

२० सप्टेंबर
पुन्हा डेल्मरकडे. चुना खरवडायचा आहे म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा शहाण्यासारखं तोंड केलं. "कोरडा खरवडू नको, डोळे आणि छाती दोन्ही जातील. कोमट पाण्यात व्हिनेगर घाल, फवार, पंधरा मिनिटं थांब, मग रुंद पात्याने."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"चुना आहे हे तू आधी का नाही सांगितलंस?"

व्हिनेगर शोधायला घरी गेलो.

२४ सप्टेंबर
पाच दिवस खरवडतोय. वर्नाने लोणच्यासाठी आणलेलं व्हिनेगर संपलं, घरात माझं नाव काढायची सोय नाही. दोन्ही खांदे दुसऱ्या कोणाचे तरी आहेत. पण खालून खरा ठोकळा निघतोय, करडा, खरबरीत, हाताला धरणारा. मोठं काम करण्याआधी यावेळी वीतभर तुकडा चिकटवून दोन दिवस ठेवला. आज दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. प्लॅस्टिक ताणलं, डिंक नाही सुटला. हे आधी करायचं असतं. मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो : आधी तुकडा, मग भिंत.

आज वर फोन नव्हता.  मी भिंतीचा खालचा भाग खरवडत होतो, पात्याचा खर्र-खर्र आवाज त्यांना वर येत असणार. मग हळू आवाजात, जवळजवळ कुणालाच नाही असं, त्या म्हणाल्या, "बावीस वसंत गेले रे होयट, एका माणसाच्या पात्याखाली."

मी थांबलो. काय करणार? चुना राहिला तर बाई जाणार, बाई राहायची तर चुना जाणार. पुन्हा पातं लावलं. थोडं हळू.

२७ सप्टेंबर
चारही भिंती झाल्या. पॉलियुरेथेन, आणि वर दर दोन फुटांवर भोक पाडून प्लॅस्टिकच्या खुंट्या ठोकल्या. डिंक आहे, पण झोप लागायला खुंटी हवी. अर्धं वापरलेलं नळकांडं वाया जाऊ नये म्हणून तोंडात लांब खिळा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी खिळा ओढला की डिंकाची बोंडी निघते, पुढचा ताजा. प्लॅस्टिक कापायला आकड्यासारख्या पात्याची सुरी. सरळ पात्याने खालचंही कापलं जातं. ओल शोषणारं यंत्र लावलं, त्याची नळी बाहेर काढली.

आकडा : एकाहत्तर.

१ ऑक्टोबर
चौसष्ट. एकही कोपरा उचललेला नाही. प्रत्येक कोपऱ्यावर नखाने टोकून बघितलं.

३ ऑक्टोबर
अठ्ठावन्न. उद्या लोरेना येणार. अजून चार आकडे उतरायला हवेत. काचेची भांडी खोक्यातच आहेत.  यंत्राची जाळी पुसली, दाराची रबरी पट्टी पुन्हा बसवली. यापुढे माझ्या हातात काही नाही, आणि मला हा प्रकार अजिबात आवडत नाही.

४ ऑक्टोबर
त्रेपन्न!

लोरेनाचं यंत्र माझ्यापेक्षा महागाचं. तिने तीनदा मोजलं. त्रेपन्न, त्रेपन्न, बावन्न. ती उंच, सरकारी कार्यालयात काम करणारी बाई, गुडघ्यांवर घराखाली गेली आणि पाच मिनिटांनी धूळ न लागता बाहेर आली. "आई," ती म्हणाली, "माझ्या फ्लॅटपेक्षा खाली स्वच्छ आहे."

"मग तूच राहायला ये," मिस आयसी म्हणाल्या आणि मागे वळून खोक्यातली काचेची भांडी काढायला लागल्या. एक-एक, कागद सोडून, फडताळात.  मला खोलीच्या बाहेर जावंसं वाटलं, म्हणून गेलो.

पोर्चवर लोरेना म्हणाली, "थँक यू, ओडेल. मला धाकधूक होती. तीन आठवडे आईचा फोन बंद. वादळानंतर कंपनीने अजून खांब उभा केलेला नाही. पोस्टमनकडून चिठ्ठ्या येत होत्या, तेवढंच."

मी म्हणालो, खरंच, एकट्या बाईला फार त्रास.

घरी येताना गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून गात आलो. मला गाता येत नाही.

५ ऑक्टोबर
चर्चहून आल्यावर जेवताना वर्नाला सगळं नीट सांगितलं. कान उघडे ठेवले म्हणून काम झालं, हेही सांगितलं. खालून ओलाशी बोलणं ऐकलं, पाठ बघितली, वगैरे. थोडं वाढवूनही सांगितलं असेल.

वर्नाने काटा खाली ठेवला. "तार कधी तुटली?"

"नऊ तारखेला."

"आणि ओलाशी पाठ बघायचं बोलणं कधी झालं?"

"अठरा..."

मी थांबलो. ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ती खुर्चीतून उठून पायरीवर जाऊन बसली, कारण खुर्चीत मावेना. "तीक्ष्ण कान!" एवढंच म्हणायची आणि पुन्हा हसायची.

मी वही काढून मागची पानं वाचली. तेरा तारीख. अठरा तारीख. डोक्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज. खणखणीत आवाज. "ओला बहिरी झाली असावी." देवा.

तीस वर्षं लोकांच्या घरी कागद लावलेली बाई. मी डिंकाला शिव्या देत होतो तेव्हाच तिला माहीत होतं. पण या डोंगरात कोणी दुसऱ्याला त्याचं काम तोंडावर शिकवत नाही. मेलेला टेलिफोन कानाला लावून, घर हातचं जात असताना, तिने ते फळ्यांना सांगितलं. मला लाज वाटायला हवी. वाटलीही, अर्धा तास. मग हसूच आलं.

वर्नाला लाटणंही मिळालं, माझ्या घसरगाडीत. आता तिच्याकडे दोन गोष्टी आहेत मला आयुष्यभर ऐकवायला.

८ नोव्हेंबर
महिन्याची तपासणी. आकडा एकावन्न. भिंती ताठ. मिस आयसी वर स्वयंपाकघरात होत्या, सोललेल्या सफरचंदांचा वास खालपर्यंत येत होता. फोन आता चालू झालाय, पण माझा मोबाईल तिथे नेहमीसारखाच मेलेला. मी तो कानाला लावला आणि फळ्यांकडे तोंड करून मोठ्याने बोललो.

"हॅलो, वर्ना? हो, खालीच आहे! ऐक. भिंतींची वरची चार बोटं जागा वाळवीसाठी उघडी सोडावी लागते ना, तिथला चुना मी खरवडलेला नाही. एक बोटभरही नाही. घराच्या चारही बाजूंनी होयटची पट्टी तशीच आहे, बावीसच्या बावीस हात. इथे येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती आधी दिसेल. आणि ज्या बाईने मला शिकवलं, तिचे आभार कसे मानायचे ते काही सुचत नाही बघ!"

वर चाकूचा आवाज थांबला.  मग खुर्ची ओढली गेली, अगदी माझ्या डोक्यावर.

"ओला," मिस आयसींचा आवाज आला, जरा ओला, पण खणखणीत. "खाली कोणीतरी फोनवर बोलतंय. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, मला माहीत आहे. पण तू त्याला सांग, घेवडा जास्त शिजलाय आणि मक्याचा पाव आत्ताच काढलाय. हात धुऊन वर ये म्हणावं."